बाईंचा पॉज

साथ आली आणि सगळं जग घरात बसलं, त्याला पाच महिने होत आले होते. जग बसलं, पण कुजबुज काही बसेना. पलंगापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अकरा. तिथून परत पलंगापर्यंत चौदा, कारण मधे खुर्ची आडवी येते. खुर्ची उचलून ठेवली तर बारा होतील हे त्याला कळत होतं, पण मग त्या उरलेल्या दोन पावलांचं करायचं काय?

कुजबुज नाटकातला प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत, पडद्याआड, एका टीचभर दिव्याखाली नाटकाची वही घेऊन बसायचं, आणि रंगमंचावरचा माणूस वाक्य विसरला की ते वाक्य अलगद त्याच्या कानात सोडायचं. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू गेलं तर प्रॉम्प्टर कच्चा, आणि नटाला ऐकू गेलं नाही तर त्याहून कच्चा. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे त्याचं खरं नाव मंडळी केव्हाच विसरली होती. वयानं मोठे कुजबुज म्हणायचे, पोरंटोरं कुजबुजकाका.

नाट्यगृहाला कुलूप लागलं आणि त्याच्या ओठांचे हाल सुरू झाले. टीव्हीवर बातम्या देणारी बाई पान उलटायला थांबली की ह्याचे ओठ हलायचे. फोनवर बँकेचं यंत्र बोलायला लागलं की हा त्याच्या आधी म्हणायचा, ‘मुख्य मेनूसाठी नऊ दाबा.’

बायकोचं मात्र उलटं. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसून लोकांचे सुजलेले गाल बघण्यात तिची हयात गेली होती. साथीनं तिला अचानक पंख फुटले. सोमवारी कवितावाचन. मंगळवारी परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमची फेरी. बुधवारी सामान्यज्ञानाची स्पर्धा. गुरुवारी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर चहा, ज्यात जी ती आपापला चहा पिऊन दुसरीच्या कपाचं कौतुक करायची. शनिवारी चेहऱ्याचा व्यायाम. एका संध्याकाळी तर तिनं दोन देश आणि एक मैफल उरकली, आणि मधल्या वेळात भांडी घासली.

“अहो, बसा ना तुम्हीपण,” ती म्हणायची. “आज तीन हजार वर्षांपूर्वीचं मडकं दाखवणार आहेत.”

“तीन हजार वर्षं थांबलंय ना? मग आणखी एक दिवस थांबेल.”

“मडकं थांबेल हो. तुम्ही थांबा जरा. फरशी झिजेल.”

एकदा तो खरंच बसला. कवितावाचन होतं. एक कवयित्री म्हणाली, “आणि मग…” आणि थांबली. खरं तर ती चष्मा पुसत होती. पण कुजबुजचे कान टवकारले, बायकोच्या खांद्यावरून तो पुढे वाकला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यानं हळूच सोडलं, “अंधार.” माईक चालू होता. “अंधार,” कवयित्री म्हणाली. वाक्य कानात पडलं की माणूस ते बोलून जातो, त्यात तिचा दोष नाही. पण तिची कविता सूर्योदयावर होती. बिचारी अंधारात जी शिरली, ती काही केल्या बाहेर पडेना. त्या दिवसापासून बायकोचा कार्यक्रम सुरू झाला की कुजबुजची रवानगी दुसऱ्या खोलीत.

अशात एक दिवस दिग्दर्शकाचा फोन आला. दिग्दर्शक चाळिशीचा, उत्साही, आणि दर आठवड्याला एक नवी कल्पना सुचणारा माणूस.

“काका, नाटक करतोय. ऑनलाइन. आपलंच, ते घराचं.”

ते घराचं नाटक म्हणजे मंडळींचं हुकमी नाटक. एक म्हातारी आई, तिला घर सोडायचं नाही. एक मुलगा, त्याला घर विकायचंय. आईचं काम बाईंचं. बाई म्हणजे बाई. त्यांच्या नावामागे-पुढे काही लावायची कधी गरजच पडली नाही. वय बहात्तर. मुलाचं काम करणारा नट मंडळींत चिरतरुण म्हणून ओळखला जाई, कारण नाटकातल्या मुलाचं वय पंचवीस होतं आणि तो गेली बावीस वर्षं ते पंचवीसच ठेवून होता.

“कधी येऊ तालमीला?” कुजबुजनं विचारलं. त्याच्या आवाजात पाच महिन्यांनी जीव आला होता.

“तुम्ही आराम करा, काका. ह्या वेळी प्रॉम्प्टरची भानगडच नाही. सगळे घरी बसून करणार, समोर कागद ठेवायचा, बघायचं आणि बोलायचं.”

“आणि बाई?”

“बाईपण तसंच.” दिग्दर्शक जरा घुटमळला. “खरं सांगू? मागच्या दोन-तीन प्रयोगांत बाई मला कुठंतरी हरवल्यासारख्या वाटल्या. हा प्रयोग बघतो. गडबड दिसली तर पुढच्या वेळी ती सिरियलवाली आहे ना, तिला विचारून ठेवलंय. तिला पांढरा विग छान दिसतो.”

कुजबुजनं फोन ठेवला आणि पलंग ते खिडकी नऊ पावलांचं अंतर सहा पावलांत कापलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी जगात दोनच माणसांना ठाऊक होती. गेली चार वर्षं बाईंची वाक्यं जात होती, आणि आता तर एकही आठवत नव्हतं.

सुरुवातीला एखादं जायचं. बाई डाव्या कानाच्या पाळीला हात लावायच्या, हा वाक्य सोडायचा, बाई उचलायच्या. मग दर पानाला एक जायला लागलं. मग दर वाक्याला. शेवटच्या वर्षात कानाला हात लावायचीही गरज उरली नव्हती. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत हा विंगेत बसून अख्खी आई म्हणायचा आणि बाई त्याच्या मागून ती अशी बोलायच्या की बायामाणसं पदराला नाहीतर बाहीला डोळे पुसत घरी जायची. मधे जो क्षण-दोन क्षण जायचा, त्याला लोकांनी नाव दिलं, बाईंचा पॉज. शिकाऊ नट तो पॉज बघायला पासावर यायचे. एका समीक्षकानं त्यावर दोन रकाने लिहिले: ‘बाईंच्या ह्या मौनात एका पिढीचं दुःख गोठलेलं आहे.’ गोठलेलं काही नव्हतं. त्या दिवशी कुजबुजला शिंक येत होती.

ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. विंगेतलं विंगेत ठेवायचं, हे त्याच्या धंद्याचं पहिलं आणि एकुलतं एक कलम.

तासाभरात बाईंचाच फोन.

“काय रे, आहेस का जिवंत?”

“आहे, बाई.”

“मग बोल की काहीतरी. पाच महिने कान रिकामा आहे माझा.”

“त्यानं कळवलं मला. प्रयोगाचं.”

“मलापण कळवलं. कागद पाठवलेत. मला त्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरनं पुढं ढकललंय, साथ संपल्यावर या म्हणाला.”

“मग डोळ्यांचं सांगू या ना त्याला. त्यात लपवण्यासारखं काय आहे?”

“सांग. मग तो मोठ्या अक्षरांत पाठवेल. आणि मोठ्या अक्षरांत आलं की त्याला दिसेल, मला कुठलं पान कुठलं तेच समजत नाही. मग काय सांगशील?”

कुजबुज फोन कानाला लावून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

“त्या सिरियलवालीचं आलंय माझ्या कानावर,” बाई म्हणाल्या. “वाक्यं राहत नाहीत मला, पण असल्या गोष्टी बरोबर राहतात. हे बघ, मला घरात बसून मरायचं नाही. काहीतरी कर.”

कुजबुजनं केलं. म्हणजे असं ठरलं: बाईंच्या एका कानात, केसांखाली, फोनचा बिनतारी इअरफोन. कुजबुज घरून फोन लावणार आणि वही वाचणार. बाई समोरच्या लॅपटॉपकडे बघून बोलणार. बाकीच्यांना बाई दिसतील, कुजबुज ना दिसेल ना ऐकू येईल. विंग फक्त तीन किलोमीटर लांब गेली, एवढाच फरक.

पहिल्या तालमीला तीन किलोमीटरचा हिसका कळला. कुजबुज चोरून प्रेक्षक म्हणून मीटिंगमधे शिरला होता, आणि लॅपटॉपवर बाईंचं बोलणं तीन सेकंद उशिरा येत होतं. त्याला वाटायचं बाई अडल्या. तो तेच वाक्य पुन्हा सोडायचा. बाई तेच पुन्हा बोलायच्या.

“हे घर माझं आहे,” बाई म्हणाल्या. “हे घर माझं आहे. हे घर माझं आहे.”

“बाई, एकदाच आहे ते,” दिग्दर्शक म्हणाला.

“एकदाच आहे ते,” बाई म्हणाल्या, कारण कुजबुजही घाबरून तेच म्हणाला होता.

मग त्यानं लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि सगळं फोनवरूनच ऐकायला लागला. ते जमलं. दुसऱ्या तालमीत त्याला ठसका लागला आणि पाठोपाठ बाई खोकल्या. “तो खोकला ठेवा, बाई,” दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला. “आईचं वय दिसतं त्यातून.” कुजबुजनं वहीत पेन्सिलीनं लिहिलं: खोकला. त्याला तेव्हा हसू आलं. हसू यायला नको होतं, हे त्याला पुढं कळलं.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी सहाला.

“शनिवारी सहा ते आठ घरात चिटपाखराचा आवाज नको,” त्यानं बायकोला बजावलं. “मला नाटक बघायचंय.”

“शनिवारी सहाला माझा चेहरा असतो.”

“एक दिवस चेहरा नाही केलास तर काय आभाळ कोसळेल?”

“तुमचं काय जातंय? बघणाऱ्यांना विचारा.”

“बघणारा मीच आहे.”

“म्हणून तर करते,” ती म्हणाली. शेवटी तोड निघाली. ती स्वयंपाकघरात दार लावून चेहरा करील, आवाज बारीक ठेवून. घरात इअरफोन एकच होता आणि तो त्यानं आधीच कानात खुपसला होता. नुसतं नाटक बघायला दार लावून, फोन लावून, मांडीवर वही कशाला लागते, असं तिच्या मनात आलं असेल. पण चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे काढलेली बाई. तोंड उघडायला कुणावर जबरदस्ती करत नाही.

सहा वाजता पडद्यावर चारशे बारा घरं हजर झाली. दिग्दर्शकानं सगळ्यांना म्यूट केलं. चिरतरुणानं आपल्या चौकोनात मागं एक पडदा टांगला होता, पण तो आखूड असल्यामुळे खाली वॉशिंग मशीन दिसत होतं. बाई मात्र आपल्या खुर्चीत अशा बसल्या होत्या की तीच रंगभूमी.

पहिला अंक लोण्यासारखा गेला. कुजबुज वाचत होता, बाई बोलत होत्या, पॉज जागच्या जागी पडत होते. बाजूला प्रेक्षकांचे शब्द पळत होते: ‘अप्रतिम’, ‘बाई त्या बाईच’, ‘कृपया कुणीतरी सांगा, आवाज कसा वाढवायचा’. कुजबुजची पाठ घामानं भिजली होती, पण बोट वहीवर घट्ट होतं.

दुसऱ्या अंकात मुलगा येऊन बसतो आणि म्हणतो, “आई, मला तुझ्याशी बोलायचंय.” इथं बाईंचं मोठं भाषण. कुजबुजनं श्वास घेतला, आणि श्वासाबरोबर त्याच्या नाकात जळका वास शिरला. दूध. बायको आत डोळे मिटून गाल फुगवत असणार. त्यानं बंद दाराकडे तोंड केलं आणि जन्मजात कुजबुजीत म्हणाला, “अगं, दूध उतू जातंय, गॅस बंद कर.”

“अगं, दूध उतू जातंय,” बाई म्हणाल्या. तोच खोल, थकलेला, काळजाला घरं पाडणारा आवाज. “गॅस बंद कर.”

चिरतरुणाला बावीस वर्षांत आईनं ‘अगं’ म्हटलं नव्हतं. तो एक क्षण चपापला. पण नट जातिवंत; उठला, चौकोनातून बाहेर गेला, तिकडं काहीतरी खडखड केलं, परत आला आणि म्हणाला, “केला, आई.”

‘किती साधं, किती खरं,’ बाजूला कुणीतरी लिहिलं. ‘माझी आई अशीच होती.’

चिरतरुणाच्या घरचा गॅस बंद झाला. कुजबुजच्या घरचा काही झाला नाही. आता धूर दिसायला लागला. काय करावं? फोन ठेवला तर बाई तोंडघशी, नाही ठेवला तर घर. तो वही घेऊन तसाच धावला, कानातल्या वायरीसकट, आणि त्यानं स्वयंपाकघराचं दार उघडलं. बायको खुर्चीत ताठ, डोळे मिटलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. आणि टॅब्लेटमधून त्या व्यायामवालीचा मधाळ आवाज खणखणीत येत होता, कारण बारीक आवाजाची बायकोची व्याख्या वेगळी होती.

नेमकं त्याच वेळी तिकडं चिरतरुणानं नाटकातलं सगळ्यात जड वाक्य टाकलं: “आई, मी हे घर विकायचं ठरवलंय.”

“खांदे सैल सोडा,” बाई म्हणाल्या.

चिरतरुणानं खांदे सैल सोडले.

“आता मान हळूहळू उजवीकडे. श्वास रोखू नका. डोळे मोठे करा, होतील तितके मोठे.”

चिरतरुणाची मान उजवीकडे गेली, डोळे बटाट्याएवढे झाले. चारशे बारा घरांत कुणी हललं नाही. आईनं मुलाला असं उभं-आडवं वळवावं, आणि त्यानं मुकाट वळावं, आणि तरीही घर विकावं! ‘सत्तेची भाषा,’ एका प्राध्यापकानं लिहिलं.

कुजबुजनं गॅस बंद केला. बायकोनं एक डोळा उघडला.

“अहो, कुणाशी बोलताय?”

“अहो, कुणाशी बोलताय?” बाईंनी मुलाला विचारलं.

कुजबुज तसाच दाराकडे वळला. मघाशी दुधाच्या वेळी त्याला वाटलं होतं, बाई सांभाळून घेतायत. दांडगा अनुभव, चुकून आलेलं वाक्यही पचवतायत. आता बाईंचा चेहरा त्याला स्वयंपाकघराच्या दारातून, लांब ठेवलेल्या लॅपटॉपवर, काडेपेटीएवढा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काहीही चुकल्याची खूण नव्हती. इतकी वर्षं तो समजत होता की बाईंना वाक्यं आठवत नाहीत, पण नाटक माहीत आहे. नाटकही माहीत नव्हतं. कानात जे येईल ते बाई बोलणार होत्या. त्यानं फोन नंबर सांगितला असता तर बाईंनी तो रडवेल असा म्हटला असता.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मांडीवरून हातात आलेल्या वहीकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग टॅब्लेट बंद केला आणि तोंडावर बोट ठेवून त्याला दाराबाहेर ढकललं.

तो धावत जागेवर आला. वहीत पान सापडेना. बोट घसरलं होतं. तिकडं बाई थांबल्या होत्या, चिरतरुण डोळे मोठे करून तसाच बसला होता, त्याला मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी पान सापडलं. “तुझा बाप ह्या दारातून शेवटचा बाहेर गेला,” कुजबुज वाचायला लागला, आणि बाईंनी ते असं उचललं की चिरतरुणाचे ते बटाट्यासारखे डोळे खरोखरच भरून आले. तिथून पुढं त्यानं वहीवरून मान वर केली नाही. शिंक आली ती गिळली. डास चावला तो चावू दिला. आठला बारा मिनिटं राहिली असताना आईनं घराची किल्ली मुलाच्या हातात ठेवली, म्हणजे बाईंनी ती कॅमेऱ्यापुढं धरली आणि चिरतरुणानं आपल्या चौकोनातून दुसरीच एक किल्ली उचलली, आणि नाटक संपलं.

पडद्यावर बदाम उडायला लागले, लाल, शेकड्यांनी. कुजबुजनं वही मिटली. वाचल्या. बाई वाचल्या. त्याचा हात फोन बंद करायला गेला.

“कुणीही जाऊ नका,” दिग्दर्शक प्रकटला. “आता बाईंशी थेट गप्पा. विचारा काय विचारायचं ते.”

कुजबुजला हे माहीत असायचं कारण नव्हतं. दिग्दर्शकानं सगळ्यांना पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नावच नव्हतं, तर पत्रिका कुठून येणार. त्यानं वही पुन्हा उघडली आणि मागची कोरी पानं उलटली, जणू त्यात काही लिहिलेलं असेल.

एक चौकोन मोठा झाला. चष्मेवाली, पन्नाशीची, शाळेत शिकवणारी बाई. “नमस्कार. मला एवढंच विचारायचंय, बाई, की ह्या वयात एवढं सगळं पाठ कसं राहतं? आम्ही रोज चाव्या विसरतो. तुमची काही खास युक्ती आहे का?”

बाईंचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

कुजबुजनं तोंड उघडलं. काही आलं नाही. ह्या तोंडातून एकतीस वर्षांत लाखो वाक्यं बाहेर पडली होती, राजांची, दारुड्यांची, आयांची, मरणाऱ्यांची, आणि त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नव्हतं. काय म्हणावं? बदाम खा म्हणावं? रोज सकाळी फिरायला जा म्हणावं? पाच सेकंद गेले. दहा. बाई समोर बघत होत्या, मान किंचित कलती, वाट बघत.

‘हाच तो पॉज,’ बाजूला कुणीतरी लिहिलं. ‘अंगावर काटा आला.’ ‘प्रश्नालासुद्धा पॉज.’

“बाई,” कुजबुज कसाबसा म्हणाला, “मला सुचत नाही. वहीत नाही हे.”

“मला सुचत नाही,” बाई म्हणाल्या. “वहीत नाही हे.”

चारशे घरं हसली. दिग्दर्शक हसला नाही. त्याच्या भुवया एकमेकींजवळ येत होत्या.

“अहो, नाही, हे बोलू नका…” कुजबुज म्हणाला.

“अहो, नाही, हे…” आणि बाई थांबल्या.

हा पॉज कुजबुजचा नव्हता. त्याचं वाक्य तर पूर्ण झालं होतं. अर्ध्यावर थांबल्या होत्या त्या बाई, आपल्या आपण. त्यांनी केस मागं सारले, कानातला इअरफोन काढला आणि लोकांना नीट दिसावा म्हणून कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणला की पडद्यावर एक प्रचंड पांढरा गोळा तेवढा उरला.

“हे बघा,” गोळ्यामागून बाईंचा आवाज आला. “युक्ती विचारत होतात ना? मला काही पाठ राहत नाही. घरातलं नाही, नाटकातलं नाही. ह्याच्यात एक माणूस आहे. तो सांगतो आणि मी बोलते.”

कुजबुज उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. चार वर्षं त्यानं जे जिवापाड झाकलं, ते बाईंनी चारशे बारा घरांच्या नाकासमोर धरलं होतं. मग त्या चष्मेवालीनं लिहिलं, ‘माझ्या वडिलांना मीच सांगते.’ खाली आणखी एकानं लिहिलं, ‘आमच्याकडे आजी.’ आणि मग बदाम सुटले, मघाच्या दुप्पट, पांढरा गोळा लाल दिसायला लागला.

दिग्दर्शकानं बदाम पाहिले. त्याच्या भुवया आपापल्या जागी गेल्या. “मित्रहो,” तो म्हणाला, “आता सांगायला हरकत नाही. हीच ह्या प्रयोगामागची माझी संकल्पना होती. स्मृती आणि आवाज ह्यांतलं अंतर…”

“पोरा, गप जरा,” बाई म्हणाल्या. “आणि त्या सिरियलवालीला सांग, विग परत कर.”

“तिला कुठं काय विचारलंय, बाई? पुढचे सगळे प्रयोग तुमचेच, आणि काका दिसतील असेच. तीच तर संकल्पना.” तो कपाळ पुसत म्हणाला.

गोळा बाजूला झाला. बाई पडद्यावर कुणाला तरी शोधत होत्या, ह्या चौकोनातून त्या चौकोनात. “कुठं आहेस रे? दिसत नाहीस.”

कुजबुजनं लॅपटॉपवरची दिसतील ती बटणं दाबून पाहिली. त्याचा चौकोन काळाच. एका बटणानं त्याच्या नावापुढं वर केलेला हात उगवला. दुसऱ्यानं सगळी अक्षरं उलटी झाली. शेवटी मागून एक हात आला, क्रीम लावलेला. बायकोनं कॅमेऱ्याचं आणि माईकचं बटण दाबलं, लॅपटॉपचं झाकण जरा मागं केलं, आणि कुजबुजची हनुवटी धरून त्याला चौकोनाच्या मधोमध बसवलं. चारशे बारा घरांत एक घामेजलेला, टकला, भेदरलेला माणूस उगवला. तेवढं करून ती चौकोनाबाहेर सरकली आणि तिथंच उभी राहिली.

“हा तो,” बाई म्हणाल्या. “बोल रे. लोक बघतायत.”

लोक बघत होते. कुजबुजला आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्यानं गळा साफ केला. त्याला म्हणायचं होतं, नमस्कार. म्हणायचं होतं, बाई मोठ्या आहेत, मी नुसता वाचतो. शब्द समोर दिसत होते आणि जिभेवर चढत नव्हते. फॅन फिरत होता. चिरतरुण, दिग्दर्शक, प्राध्यापक, सगळे त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते.

तिकडं बाईंना ते दिसलं. पडद्यावर अडलेला माणूस बाईंना लगेच कळला असावा. त्यांनी मान खाली घातली, हातातला इअरफोन ओठांशी धरला, आणि इतक्या हळू, इतक्या अलगद, की त्यांच्या समोरच्या लॅपटॉपलाही पत्ता लागला नाही, त्यांनी त्याच्या कानात एक वाक्य सोडलं.

“आज इतक्या वर्षांनी तू दाराशी आलास, आणि हातात साधी छत्रीसुद्धा नाही.”

हे वाक्य ह्या नाटकातलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका नाटकातलं होतं. ते अकरा प्रयोगांत पडलं, त्याची वही वाळवीनं खाल्ली, त्यातला एक नट वारला, एक परदेशी गेला. जगात आता ते वाक्य कुणालाच ठाऊक नव्हतं, एक तो सोडून. आणि बाईंना ते आठवत होतं. चुकीच्या वेळी, चुकीच्या नाटकात, चुकीच्या माणसासाठी, पण काना-मात्रेसकट.

त्याला सांगता आलं असतं, बाई, हे ते नाही. एका क्षणासाठी त्याचे ओठ तसे हललेही. पण समोर बाई मान वर करून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो काळजीचा भाव होता जो विंगेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो आणि कुणालाच कधी दिसत नाही: ऐकू गेलं का ह्याला? घेतो का हा आता?

कुजबुजनं छाती भरून श्वास घेतला. आणि एकतीस वर्षांत प्रथमच शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात तो म्हणाला, “आज इतक्या वर्षांनी तू दाराशी आलास, आणि हातात साधी छत्रीसुद्धा नाही.”

कुणाला काही कळलं नाही. प्राध्यापक वहीत उतरवून घ्यायला लागले. बाईंनी समाधानानं मान डोलावली, इअरफोन पुन्हा ओठांशी नेला, आणि पुढचं वाक्य शोधायला लागल्या. कुजबुज थांबला. त्याला पुढचं येत होतं. तरीही तो थांबला.